अकरा दाणे वेगळे दिसले, पण ते नवे आहेत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच लक्षात येईल. खोल समुद्रातल्या कोअरचे, म्हणजे समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या दंडगोलाचे, मध्य मायोसीन काळातले (सुमारे सव्वा ते दीड कोटी वर्षांपूर्वीचे) नमुने तुम्ही धुतले. त्यात प्लवक फोरॅमिनिफेराचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या आणि वेढ्यावेढ्याने कप्पे जोडत कवच बांधणाऱ्या एकपेशीय जिवांचे, अकरा दाणे असे निघाले, की ते प्रजातींच्या कॅटलॉगमधल्या कुठल्याच चित्राशी जुळेनात. शेवटच्या वेढ्यात साडेचार कप्पे, मुखाला ओठासारखी जाड कड आणि शेवटचा कप्पा त्याच्या आधीच्यापेक्षा लहान. सर म्हणाले, नवी प्रजाती आहे, लिहून टाका. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: अकरा दाणे पुरतात का, वर्णन कसं लिहायचं आणि नाव कसं ठेवायचं.

शब्दांबद्दल एक खुलासा. जुन्या पाठ्यपुस्तकांत जीनसला (जवळच्या स्पीशीजच्या गटाला) प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हटलेलं सापडेल. मी इथे प्रजाती म्हणजे स्पीशीज असंच धरते. आणि गाळाच्या पुडीला नमुना म्हणते, त्यातल्या एकेका कवचाला दाणा. दोन्हींना नमुनाच म्हटलं की पुढे गोंधळ होतो.

तुमचे तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण क्रम उलटा लागलाय. नाव ठेवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटचं काम. वर्णन लिहायला चांगला आठवडा पुरतो. वर्ष-दीड वर्ष जातं ते तुम्ही विचारलेल्याच नाहीत अशा प्रश्नात: हे आधीच नाव असलेल्या एखाद्या जिवाचंच दुसरं रूप नाही, हे कशावरून? मी सूक्ष्मदर्शकावर बरीच वर्षं काढली. नव्या म्हणून लिहिलेल्या प्रजाती हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. ‘नवी असावी’ म्हणून बाजूला ठेवलेल्या आणि नंतर गुपचूप जुन्या नावाच्या स्लाइडमध्ये परत गेलेल्या त्याच्या कितीतरी पट.

त्यातली एक गोष्ट सांगते, कारण तुमच्या अकरा दाण्यांशी तिचं नातं आहे. सुरुवातीच्या वर्षांत मला एका नमुन्यात जेमतेम १२० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चपटे दाणे सापडले. वेढ्यात कप्पे जास्त, मुख नाभीऐवजी (वेढ्याच्या मधोमधच्या खळग्याऐवजी) कडेकडे सरकलेलं, भिंत गुळगुळीत. कुठेच बसेनात. मी मोजमापं घेतली, फोटो काढले, मनात नावही ठरवून टाकलं. एका ज्येष्ठ बाईंनी ते पाहिले आणि काही न बोलता त्याच नमुन्यातला एका नेहमीच्या प्रजातीचा मोठा दाणा उचलला. सुईच्या टोकाने त्याचे शेवटचे तीन कप्पे एकेक करून फोडले. आत माझी ‘नवी प्रजाती’ बसली होती. फोरॅमिनिफेरा आपलं बालपण टाकून देत नाहीत, त्याच्यावरच पुढचे कप्पे बांधत जातात. म्हणून प्रत्येक प्रौढ दाण्याच्या पोटात त्याचंच लहान, आणि बरेचदा ओळखू न येणारं, रूप शाबूत असतं. तेव्हापासून लहान दाण्याबद्दल शंका आली की मी आधी मोठा दाणा फोडते. आता सूक्ष्म सीटी स्कॅनने न फोडताही आत पाहता येतं. सोय असेल तर तसं करा. नसेल तर सुई आहेच.

तुमच्या बाबतीत पहिली शंका शेवटच्या लहान कप्प्याची. शेवटचा कप्पा आधीच्यापेक्षा लहान असलेल्या दाण्यांना आमच्या क्षेत्रात कुमरफॉर्म म्हणतात. ही कितीतरी प्रजातींत दिसणारी गोष्ट आहे. वाढीच्या शेवटी किंवा परिस्थिती बिघडली की असा आखूड कप्पा बांधला जातो, असं सहसा मानतात. कारण काहीही असो, हे लक्षण प्रजातीचं म्हणून धरता येत नाही. तेव्हा तो कप्पा मनातल्या मनात काढून टाका आणि दाणा पुन्हा पाहा. उरलेला भाग एखाद्या ओळखीच्या प्रजातीसारखा दिसू लागला तर प्रकरण तिथेच मिटलं. साडेचार कप्पे आणि जाड ओठ तरीही वेगळे राहिले, तर पुढे जाऊ.

दुसरी शंका भिंतीची. प्लवक फोरॅमिनिफेरांपैकी काही प्रजननापूर्वी खोल पाण्यात उतरतात आणि कवचावर कॅल्साइटचा आणखी थर चढवतात. त्यामुळे एकाच प्रजातीचा एक दाणा पातळ आणि छिद्राळ, तर दुसरा जाड आणि साखरेच्या खड्यासारखा दिसतो. तुमचा ‘जाड ओठ’ हा अशा थराचा भाग नाही ना? आणि याच्या उलटही होतं. समुद्रतळ खोल असेल तर पातळ कवचं आधी विरघळतात आणि जाड तेवढी उरतात. मग त्या नमुन्यात जाड भिंतीचे दाणे जास्त, म्हणून ती वेगळी जमात, असा भास होतो. गाळात चिकणमाती जास्त असेल तर दाणे काचेसारखे स्वच्छ टिकतात. टांझानियाच्या किनाऱ्याजवळच्या गाळातले असे काचेसारखे दाणे प्रसिद्ध आहेत. त्याउलट खोल समुद्रातल्या खडूसारख्या गाळात सूक्ष्म स्फटिक पुन्हा वाढून दाणा दुधाळ होतो आणि भिंतीची मूळ वीण दिसेनाशी होते. भिंतीची वीण हा आजच्या वर्गीकरणाचा कणा आहे: दाण्याला काटे होते की नव्हते, छिद्रं मधाच्या पोळ्यासारखी खोलगट की सपाट. ती दिसतच नसेल तर तुमचा दाणा कुठल्या जीनसमध्ये ठेवायचा हेसुद्धा नक्की सांगता येणार नाही.

हे सगळं फोरॅमिनिफेरापुरतं झालं, आणि किती शंका घ्यायच्या हे गटागटावर ठरतं. कोकोलिथ म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या पेशीवरच्या चुन्याच्या तबकड्या; तिथे तर एकाच पेशीवर दोन-तीन आकारांच्या तबकड्या असू शकतात. शिवाय त्याच जिवाच्या आयुष्याच्या दोन अवस्थांत पूर्ण वेगळ्या बांधणीच्या तबकड्या तयार होतात. कोकोलिथस पेलॅजिकस आणि क्रिस्टलोलिथस हायलिनस ही दोन स्वतंत्र नावं होती. १९६० मध्ये प्रयोगशाळेतल्या जिवंत पेशींवरून कळलं की जीव एकच आहे. डायटमची (सिलिकाच्या कवचाच्या एकपेशीय शैवालाची) पेशी दर विभाजनागणिक लहान होत जाते, म्हणून नुसत्या आकारमानावरून वेगळेपण ठरवणं धोक्याचं. ऑस्ट्राकॉड, म्हणजे शिंपल्यासारखं दोन झडपांचं कवच असलेले इवलेसे प्राणी, कात टाकत वाढतात. प्रौढ होईपर्यंत त्यांच्या आठेक बालावस्था होतात आणि प्रत्येक अवस्थेचं कवच गाळात पडून राहतं. त्यात नर-मादीची कवचंही वेगळी. डायनोफ्लॅजेलेट या पोहणाऱ्या एकपेशीय जिवांची तर खडकात टिकते ती सिस्ट, म्हणजे सुप्तावस्थेतलं आवरण, पोहणारी पेशी नाही. त्यामुळे एकाच जिवाला सिस्टचं एक आणि पोहणाऱ्या पेशीचं दुसरं अशी दोन नावं पडलेली सापडतात. नम्युलाइटसारख्या चकतीच्या आकाराच्या मोठ्या फोरॅमिनिफेरांत लैंगिक आणि अलैंगिक पिढ्यांच्या कवचांत इतका फरक असतो, की एकाच प्रजातीच्या दोन पिढ्यांना जोडीजोडीने वेगळी नावं दिली गेली होती.

(नम्युलाइटवरून आठवलं. पिरॅमिडपाशी विखुरलेल्या या चकत्या म्हणजे मजुरांच्या जेवणातली उरलेली, दगड झालेली मसूर, अशी समजूत तिथे ऐकल्याचं स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आणि खुद्द ‘फोरॅमिनिफेरा’ हे नाव १८२६ मध्ये देणारा दोर्बिन्यी त्यांना शंख-माकूळ वर्गातले इवलेसे प्राणी समजत होता. हे एकपेशीय आहेत हे दुजार्दांने १८३५ मध्ये दाखवलं. तेव्हा आपण चुकलो तर फार मनाला लावून घेऊ नये, चुकणाऱ्यांची रांग मोठी आहे.)

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही घाबरून सगळंच जुन्या नावाखाली टाकाल. दिसायला जवळजवळ सारखे असलेले दाणे खरोखर वेगळे निघतात, हेही झालंय. नियोग्लोबोक्वाड्रिना पॅकिडर्मा डावीकडे वळली की थंड पाणी, उजवीकडे वळली की उबदार, असं पूर्वी शिकवलं जायचं, जणू एकच जीव तापमानानुसार कूस बदलतो. डीएनए तपासल्यावर कळलं की या दोन प्रजाती आहेत, आणि उजव्या वळणाच्या रूपाला आता इन्कॉम्प्टा हे वेगळं नाव वापरतात. याच्या अगदी विरुद्ध उदाहरण ट्रायलोबाटस सॅक्युलिफरचं. शेवटचा कप्पा पिशवीसारखा असलेले आणि नसलेले दाणे वर्षानुवर्षं वेगवेगळ्या नावांनी मोजले गेले. डीएनएत त्यांच्यात फरकच सापडला नाही. म्हणजे डोळ्यांना ठळक दिसणारा फरक पोकळ निघाला, आणि एरवी ‘काय एवढं’ म्हणून सोडून दिला असता तो फरक खरा निघाला. तुमच्या मायोसीनच्या दाण्यांत डीएनए मिळणार नाही. मग आपल्या हाती उरतं काय? फरक एकटा आहे की इतर फरकांना धरून चालतो, हे पाहणं. ओठ जाड असलेल्याच दाण्यांत कप्पे साडेचार असतील, छिद्रांची दाटी वेगळी असेल आणि आरंभीचा कप्पाही मोठा असेल, तर मी कान टवकारते. नुसताच ओठ जाड असेल तर नाही.

याच ठिकाणी ‘अकरा पुरतात का’ याला उत्तर द्यायला हवं. नियमाने पाहिलं तर एक दाणासुद्धा पुरतो. अगदी निराळ्या बांधणीचा, दुसऱ्या कशाशी गल्लत होऊच शकणार नाही असा दाणा असेल तर मीही दोन-चारवर नाव देईन. पण तुमचा फरक कप्प्यांच्या संख्येचा आणि कडेच्या जाडीचा आहे, म्हणजे कमी-जास्त होणाऱ्या गोष्टींचा. अशा वेळी माझा स्वतःचा दंडक असा: किमान तीन वेगवेगळ्या नमुन्यांतून मिळून तीसेक दाणे, आणि शक्य असेल तर दुसऱ्या एखाद्या ठिकाणच्या कोअरमधूनही. हा कुठल्या संहितेचा नियम नाही, अनुभवातून आलेला आकडा आहे. दुसरा कोणी वीस म्हणेल, त्याच्याशी मी भांडणार नाही.

संख्येपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ते अकरा दाणे कुठून आले. तुम्ही हे लिहिलेलं नाही. सगळे एकाच नमुन्यातले असतील तर मी साशंक आहे. वरून ढासळलेला गाळ, जुन्या थरातून वाहून आलेले दाणे, समुद्रतळ उकरणाऱ्या प्राण्यांनी केलेली सरमिसळ, किंवा धुताना चाळणीत आधीच्या नमुन्यातला अडकून राहिलेला दाणा, यांपैकी काहीही असू शकतं. चाळण्या मेथिलीन ब्लूमध्ये बुडवून घेता ना? आधीच्या नमुन्यातले दाणे निळे पडतात आणि चोर पकडला जातो. नसाल करत तर आजपासून करा. अकरा दाणे सलग पाच-सहा नमुन्यांत एक-दोन करून विखुरलेले असतील आणि वर-खाली दोन्हीकडे ते नाहीसे होत असतील, तर मात्र चित्र बदललं. मग त्यांना काळात सुरुवात आहे आणि शेवट आहे, आणि ही प्रजातीच्या बाजूने बोलणारी गोष्ट आहे.

मोजमाप करताना तुमचे अकराच मोजू नका. ही चूक मी परीक्षक म्हणून सतत पाहते. ज्या जुन्या प्रजातीशी सगळ्यात जास्त साम्य आहे तिचे त्याच नमुन्यांतले पन्नास-साठ दाणे, निवड न करता, समोर येतील तसे उचला आणि दोन्ही गट एकाच आलेखावर मांडा. लांबी, रुंदी, मुखाची उंची, शेवटच्या वेढ्यातले कप्पे, आणि जमलं तर आरंभीच्या कप्प्याचा व्यास. लहान-मोठ्या दाण्यांत प्रमाणं बदलतात, म्हणून नुसती गुणोत्तरं न देता मूळ मापं द्या. मग बघा मध्ये मोकळी जागा पडते का. दोन ढग वेगळे दिसले तर उत्तम. एकच लांबट ढग असेल आणि तुमचे अकरा त्याच्या टोकाला बसले असतील, तर तुम्हाला नवी प्रजाती नव्हे, जुन्या प्रजातीचं टोक सापडलंय.

यात एक खरी अडचण आहे. काळाच्या ओघात एक रूप हळूहळू दुसऱ्यात बदलत जातं अशा वंशरेषा मध्य मायोसीनमध्येच भरपूर आहेत. प्रीऑर्ब्युलिनापासून ऑर्ब्युलिनाचा पूर्ण गोल होईपर्यंतचा प्रवास किंवा फोहसेल्ला गटाची रेषा ही पाठ्यपुस्तकी उदाहरणं. तिथे मोकळी जागा नसतेच. रेघ कुठेतरी माणसानेच ओढलेली असते. नॅनोफॉसिलवाले (कोकोलिथसारख्या अतिसूक्ष्म जीवाश्मांवर काम करणारे) तर रेटिक्युलोफेनेस्ट्रामध्ये सरळ तीन, पाच, सात मायक्रॉन अशा आकड्यांवर सीमा धरतात. यात अप्रामाणिक काही नाही, फक्त ती रेघ कुठे ओढली आणि का, हे वर्णनात उघड लिहायचं. ‘अमुक लक्षण दिसू लागलं की आम्ही या नावाने मोजतो’ हे वाक्य लिहायला लाजू नये.

थोडक्यात, इथवरचं: शेवटचा कप्पा दुर्लक्षून पाहा, भिंत तपासा, एखादा मोठा दाणा फोडून आत पाहा, शेजारचे नमुने धुवा, जुन्या प्रजातीसोबत मोजा. यातून तुमचे दाणे सुटले तर पुढचा टप्पा ग्रंथालयाचा.

चित्राशी जुळत नाही, असं तुम्ही म्हणता. कुठल्या चित्राशी? एलिस आणि मेसिना यांच्या कॅटलॉगमध्ये मूळ वर्णनं आणि मूळ चित्रं आहेत, ते चांगलंच. मायक्रोटॅक्सच्या संकेतस्थळावर आजचे फोटो आणि काळाचे पट्टे आहेत. पण जुनी चित्रं हाताने काढलेली आहेत आणि चित्रकाराच्या हातात सममिती येतेच. चॅलेंजर या ब्रिटिश समुद्रसंशोधन मोहिमेच्या (१८७२ ते १८७६) गाळातून ब्रॅडीने १८८४ मध्ये फोरॅमिनिफेराचा आणि हेकेलने १८८७ मध्ये रेडिओलेरियाचा (सिलिकाचा सांगाडा असलेल्या एकपेशीय जिवांचा) अहवाल दिला. हेकेलच्या त्या एका अहवालात सुमारे साडेतीन हजार नव्या प्रजाती आहेत. चित्रं डोळे दिपवणारी. पण प्रत्यक्ष गाळात तशी आखीव रेडिओलेरिया शोधत बसलात तर निराश व्हाल. म्हणून शेवटच्या दोन-तीन जवळच्या प्रजातींसाठी मूळ चित्रावर थांबू नका, टाइप दाण्याचा, म्हणजे ज्यावरून मूळ नाव ठेवलं गेलं त्या दाण्याचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातला फोटो मिळवा. ब्रॅडीचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. मोठ्या संग्रहालयांतले संग्राहक नेमकं विचारलं तर मदत करतात, हा माझा अनुभव आहे. ‘तुमच्याकडचं सगळं पाठवा’ असं लिहिलंत तर उत्तर येणार नाही.

आणखी एक. कॅटलॉगमध्ये मायोसीनच तेवढा पाहू नका. तुमची प्रजाती कोणीतरी ऑलिगोसीनमधून (मायोसीनच्या आधीचा काळ) किंवा प्लायोसीनमधून (नंतरचा काळ) वर्णन करून ठेवलेली असू शकते, दुसऱ्याच जीनसखाली. मी नेहमी दोन भूवैज्ञानिक काळ वर आणि दोन खाली पाहते. रशियन, इटालियन, स्पॅनिश भाषेतली जुनी वर्णनंही धरायची. आधी दिलेलं नावच टिकतं, या अग्रक्रमाच्या नियमापुढे भाषा येत नाही हे कारण चालत नाही.

आता लिहिण्याबद्दल. वर्णन आपण कोणासाठी लिहितो हे एकदा ठरलं की निम्मे प्रश्न सुटतात. तुमच्याइतके चांगले दाणे समोर असलेल्या माणसासाठी नव्हे. दहा वर्षांनी कुठल्यातरी प्रयोगशाळेत एखादी मुलगी अर्धवट विरघळलेले, तुटके सहा दाणे घेऊन बसेल आणि तुमचा लेख उघडेल. तिला त्या दाण्यांवर तुमचं नाव लावता आलं पाहिजे, किंवा लावू नये हे कळलं पाहिजे.

म्हणून भेददर्शक परिच्छेद, ज्याला डायग्नोसिस म्हणतात, तो आधी लिहा आणि चार-पाच ओळींत संपवा. ‘कवच मध्यम आकाराचं, गोलसर, कप्पे फुगीर’ असं लिहिलेलं मला पन्नास प्रजातींना लागू करता येतं. त्याऐवजी: ‘शेवटच्या वेढ्यात साडेचार ते पाच कप्पे, मुख नाभीवर, कमी उंचीचं, सलग जाड कडेने वेढलेलं, अमुक प्रजातीत कप्पे चारच आणि कड पातळ, तमुक प्रजातीत कड जाड पण मुख कडेपर्यंत जातं.’ फरक कोणापासून हे नाव घेऊन सांगा. त्यानंतर सविस्तर वर्णन, त्यात मापं किमान आणि कमाल अशी, सोबत दाण्यांची संख्या. मग एक परिच्छेद फक्त विविधतेवर: दाणे किती बदलतात, टोकाची रूपं कशी दिसतात, खराब टिकलेला दाणा कसा दिसतो. हा परिच्छेद लोक गाळतात. मला विचाराल तर तो सगळ्यात उपयोगी.

फोटो तीन बाजूंनी: नाभीची बाजू, वेढ्याची बाजू आणि कड. प्रत्येकावर मापाची रेघ. भिंतीचा जवळून एक. आणि साध्या सूक्ष्मदर्शकातलाही एक फोटो जरूर टाका. रोज दाणे मोजणारे लोक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मोजत नाहीत. नॅनोफॉसिल असतं तर मी ध्रुवीकृत प्रकाशातले फोटो मागितले असते, कारण तिथे ओळख त्यावरच होते.

होलोटाइपसाठी, म्हणजे नाव ज्या एका दाण्याशी कायमचं बांधलं जातं त्यासाठी, सगळ्यात देखणा दाणा निवडायचा मोह होतो. निवडा तो मधला, आपल्या गटाचं खरं प्रतिनिधित्व करणारा, पण शाबूत. आणि त्याला हात लावण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. कोरड्या हवेत ब्रशवर स्थिर वीज साठते आणि दाणा उडून जातो. माझा एक पॅराटाइप (होलोटाइपच्या जोडीला नोंदवलेला दाणा) असाच गेला, चार दिवस टेबलावरची धूळ चाळली, मिळाला नाही. ब्रशचं टोक किंचित ओलं ठेवा, श्वास रोखा. फोटोसाठी सोन्याचा मुलामा चढवला तर नंतर भिंतीचा रंग आणि पारदर्शकता दिसत नाही; कमी निर्वातात मुलाम्याशिवाय फोटो काढणारं यंत्र उपलब्ध असेल तर होलोटाइप तसाच ठेवा आणि मुलामा पॅराटाइपला द्या. स्लाइडवर क्रमांक, कोअर, खोली, आणि दाणा स्लाइडच्या कुठल्या चौकटीत आहे त्याचा आकडा.

आणि तो दाणा विभागाच्या कपाटात ठेवू नका. एका ठिकाणी एक प्राध्यापक निवृत्त झाल्यावर त्यांचं कपाट रिकामं केलं गेलं, त्यात तीन प्रजातींचे टाइप होते. आज त्या प्रजातींबद्दल वाद झाला तर दाखवायला काही नाही. कायमस्वरूपी संग्रह सांभाळणारं, नोंदणी क्रमांक देणारं संग्रहालय हवं. पॅराटाइप दुसऱ्या संग्रहालयात ठेवा, म्हणजे एक जळालं-बुडालं तरी काहीतरी उरेल.

नियमांचं लवकर उरकते. फोरॅमिनिफेरा, रेडिओलेरिया, ऑस्ट्राकॉड यांना प्राणिनामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता लागू होते. कोकोलिथ, डायटम, डायनोफ्लॅजेलेट सिस्ट यांना शैवाल, कवक आणि वनस्पतींची. तुमच्यासाठी पहिली. तिच्यानुसार नाव नवं आहे असं स्पष्ट लिहायला हवं, भेद दाखवणारी लक्षणं शब्दांत हवीत, होलोटाइप नेमका कुठला ते सांगायला हवं आणि तो कुठल्या संग्रहात आहे हेही. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल तर प्रकाशनाआधी झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी करून ती झाल्याचा पुरावा लेखातच छापायला हवा. २०१२ च्या दुरुस्तीपासून हे आहे आणि तरीही लोक विसरतात. गंमत म्हणजे या संहितेत वर्णनाच्या भाषेची सक्ती नाही. तत्त्वतः मराठीतलं वर्णनही चालेल, फक्त नाव लॅटिन लिपीत हवं. डायटमवाल्यांचं वेगळंच दुखणं: जीवाश्म असला तरी डायटमला जिवंत वनस्पतींचेच नियम लागतात. त्यामुळे इतर जीवाश्मांना १९९६ पासून इंग्रजी वर्णन पुरत असताना त्यांना २०११ अखेरपर्यंत लॅटिन लिहावं लागत होतं.

नावाचं लिंग जीनसशी जुळवा. ग्लोबिजेरिना स्त्रीलिंगी, म्हणून दोर्बिन्यीने ठेवलेलं नाव ग्लोबिजेरिना रुब्रा. तीच प्रजाती पुढे ग्लोबिजेरिनॉइडीसमध्ये गेली, तो पुल्लिंगी, म्हणून रुब्राची रुबर झाली. विशेषण ठेवणार असाल तर हे पाहा. स्थळावरून नाव ठेवलं तर हा त्रास कमी. नाव त्या जीनसमध्ये आधी कोणी वापरलेलं नाही याची खात्री करा, आणि जीनसच्या पूर्वीच्या नावांखालीही शोधा. स्वतःचं नाव ठेवायला संहितेची बंदी नाही, पण लोक हसतात.

प्रबंधात मात्र हे नाव छापू नका. लेख निघण्याआधी प्रबंध, परिषदेचा सारांश किंवा पोस्टरमधून नाव बाहेर गेलं तर ते वैध होत नाही आणि फिरत मात्र राहतं. प्रबंधात ‘स्पीशीज ए’ असं लिहा, फोटो द्या, मापं द्या.

सरांशी बोलताना हे सगळं एकदम समोर टाकू नका. एवढंच सांगा की शेजारचे नमुने बारीक चाळणीवर पुन्हा धुऊन पाहते किंवा पाहतो. आणि ते खरोखर करा. तुम्ही बहुतेक १५० मायक्रॉनच्या वरचंच पाहिलं असणार, सगळे तेच करतात. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर लगेच आलेली पार्व्हुलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना ही इटलीतल्या गुब्बिओवरून नाव पडलेली प्रजाती इतकी बारीक आहे, की नेहमीच्या चाळणीतून ती सरळ गाळून जाते. ६३ मायक्रॉनची चाळणी घ्या, अकरा दाणे सापडले त्याच्या वरचे पाच आणि खालचे पाच नमुने धुवा. बाल दाणे, मधली रूपं, जे काही असेल ते तिथे असेल. तीस-चाळीस दाणे मिळाले आणि वेगळेपण टिकलं तर लिहायला घ्या, मसुदा झाला की मी आनंदाने वाचेन. अकराचे अकराच राहिले तर त्यांचा एक चांगला फोटोपट ‘स्पीशीज ए’ म्हणून तुमच्या लेखात छापा आणि दाणे संग्रहालयात जमा करा. दुसऱ्या महासागरातल्या कोअरवर बसलेल्या कोणाकडे कदाचित तेच बारा दाणे एका स्लाइडवर बाजूला ठेवलेले असतील, आणि तुमचा फोटो पाहून तो तुम्हाला पत्र लिहील.